विहीणबाई बसल्या की बंद पडणारा एसी

इशान, मीरा... भुताखेतांच्या गोष्टी मी तुम्हाला कधी सांगितल्या नाहीत. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. कारणाशिवाय काही घडत नाही हेच मुलांना सांगत आले. म्हणूनच हे नीट लिहून ठेवते. तुम्ही मोठे झालात की वाचा, आणि कारण सापडलं तर मला कळवा.

गोष्ट आपल्या अलिबागजवळच्या थळच्या घरच्या गाडीची. मागच्या मार्चपासून तिचा एसी बिघडायला लागला. रोज नाही, फक्त शनिवारी. शनिवारी तुमची दादरची आजी, म्हणजे आमच्या विहीणबाई सुधाताई, लाँचने मांडव्याला यायच्या. त्यांच्या बहिणीचा बंगला चोंढीला बांधणं चालू होतं, त्यावर देखरेख करायला. आता विहीण जेट्टीवर उतरून रिक्षा शोधते आहे, हे आमच्याकडे चालत नाही. म्हणून दर शनिवारी मी आणि ड्रायव्हर दामू त्यांना घ्यायला जायचो. मानाची पुढची सीट त्यांना, मी मागे.

दहा मिनिटं छान गार. मग एकदम गरम वारा.

सुधाताई रुमालाने वारा घेत म्हणायच्या, "तुमच्याकडे फारच दमट हो! आमच्या दादरला निदान वारा तरी असतो."

मी हसायचे. दुसरं काय करणार?

अलिबागच्या मेकॅनिक अस्लमभाईंनी गॅस तपासला, रिले बदलला, खाऱ्या हवेने कंडेन्सर सडलाय का तेही पाहिलं. "मॅडम, वडखळपर्यंत चालवून आलो. दात वाजायला लागले माझे. गाडीत काही नाही."

तुमच्या बाबाचा टोरांटोहून दर आठवड्याला एकच प्रश्न. "आई, एसी झाला का? मागच्या वेळी इशान चोंढीपासून ओकत होता. एसी नसेल तर मुलं दादरलाच राहतील, तुला भेटायला येऊन जातील."

म्हणजे बारा दिवसांची तुमची सुट्टी, आणि ती कुणाची, हे एका एसीवर ठरणार होतं!

मी वही केली. तारीख, वेळ, गाडीत कोण, काय घडलं. एका शनिवारी गुडघा दुखतो असं सांगून दामूला एकट्यालाच पाठवलं. परत येऊन तो म्हणाला, "बाई, एकदम गार हाय. त्यांनी तर शाल पांघरली." सोमवारी मी एकटी बँकेत गेले. गार. दोघी बसलो की गरम.

"बाई, मिरची-लिंबू बांधू काय?" दामूने विचारलं.

"गाडीला की विहीणबाईंना?" मी म्हटलं. तो बिचारा आरसा पुसायला लागला.

मग वहीत मी एक रकाना वाढवला — त्या क्षणी काय बोलणं चालू होतं. तीन शनिवार नोंदी केल्या आणि मग वाचायला बसले. फरशी, प्लंबर, लाँचची गर्दी यावर बोलणं असेपर्यंत गार. "मीराने काल व्हिडिओवर मला नाच करून दाखवला" — गरम. "इशान म्हणतो, आज्जी तुझ्याचकडे येणार" — गरम. मीरा, मला तू तो नाच दाखवला नव्हतास.

पुढच्या शनिवारी मी ठरवून फरशीवरच बोलत राहिले. सासवण्यापर्यंत बर्फासारखी हवा. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि स्पीकरवर तुम्ही दोघं ओरडलात, "आज्जीईई!" तसं माझ्या फोनवर तुम्ही कधी ओरडत नाही. त्याच क्षणी समोरून भट्टीसारखा वारा आला. दामूने बटणं दाबून पाहिली. मी म्हटलं, "राहू दे."

मला मत्सर वाटत होता. साठी उलटलेल्या, शिकल्यासवरलेल्या बाईला. आणि गाडीला तो कळत होता, असं मी त्या दिवशी धरून चालले.

संध्याकाळी बाबाने विचारलं तेव्हा खोटं बोलता आलं असतं. पण उन्हात इशानला ओकताना पाहायचं, आणि कारण मीच? मी म्हटलं, "नाही झाला रे. मुलांना दादरलाच ठेव. माझ्याकडे दोन दिवस पाठव."

तुम्ही आलात. मांडव्याला उतरलात, दादरच्या आजीचा हात धरून. मी इशानसाठी पिशव्या आणि ओला टॉवेल घेऊन बसले होते. गाडी निघाली आणि मीरा, तू म्हणालीस, "मला रात्री दादरच्या आजीजवळच झोपायचंय." माझा जीव असा जळला की मी डोळे मिटून गरम वाऱ्याची वाट पाहू लागले.

तो आला नाही.

दामू म्हणाला, "बाई, कमी करू काय? पोरं कुडकुडतायत."

इशान खिडकीला नाक लावून नारळ मोजत होता. एकदाही ओकला नाही.

त्यानंतर तो एसी एकदाही बंद पडलेला नाही. सुधाताई अजून येतात, तुमचे किस्से सांगतात, मी मागे बसून जळते, आणि गाडी गारच. म्हणजे अस्लमभाईंना कारण सापडलं नाही, आणि मला सापडलं ते चुकलं. दुसरं मला सुचत नाही.

फक्त तुमचे दहा दिवस मी माझ्या तोंडाने सोडून दिले, आणि ते कशापायी, ते मला आजही माहीत नाही.