धावपट्टीवर दिसलेली बाई

मी आयुष्यभर गणित शिकवलं. भुतंखेतं, दृष्टांत, अंगात येणं — असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. तुमच्या सदरातले अनुभव वाचून मी हसते, खोटं कशाला बोलू! त्यामुळं आज स्वतःच लिहायला बसले तर लाज वाटतेय. भाचीनं आग्रह केला, टाइपही तीच करतेय.

गोष्ट उस्मानाबादची. निजामाचं राज्य जाऊन, महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. मुलींच्या शाळेत मी नुकतीच लागले होते. लग्न व्हायचं होतं. गावाबाहेर माळावर मुरूम दाबून केलेली विमानाची पट्टी होती. एरवी तिथं शेरडं चरायची. कुठल्याशा फ्लाइंग क्लबचं छोटं विमान खास शाळकरी मुलांना दाखवायला येणार असं कळलं आणि सारं गाव माळावर लोटलं. पट्टीच्या कडेला चुन्याची रेघ मारलेली. रेघेमागं पहिलीच जागा माझ्या पाचवीच्या मुलींना मिळाली होती.

सकाळची वेळ, लख्ख ऊन. विमान अजून यायचं होतं. मी मुलींना नीट बसवत होते, मान वर केली... आणि मला विमान दिसलं. आवाज अजिबात नाही. एक पंख जमिनीला घासत, धुरळा उडवत ते सरळ माझ्या मुलींच्या अंगावर येत होतं.

मी पट्टीवर धावले. दोन्ही हात वर करून ओरडत होते — "थांबा! थांबा!" पदर कधी पडला, चप्पल कुठं गेली, भान नव्हतं. पट्टीच्या मधोमध पोचले आणि बघते तर... काहीच नाही. मोकळं आभाळ, मोकळा माळ.

मग गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "बाईला इमान बाधलं रं!" आणि सारा माळ हसायला लागला. पोरांनी शिट्या मारल्या. गावातली सगळी मोठी मंडळी तिथं होती, माझे वडीलही. ते खाली मान घालून उभे होते. पदर सावरत, चप्पल शोधत मी परत आले.

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या हेडमिस्ट्रेस, तरातरा पुढं आल्या. "काय हा तमाशा? शाळेच्या अब्रूची काही चाड?" माझा अवतार बघून मुली घाबरून रडायला लागल्या होत्या. "ह्यांना घ्या आणि त्या तिकडच्या लिंबाखाली जाऊन बसा. विमान परत जाईपर्यंत इकडं फिरकायचं नाही!"

लिंब बराच लांब होता. वाटेत एक मुलगी मुसमुसत म्हणाली, "बाई, तुमच्यापायी आमाला इमान जवळून दिसणार न्हाय." मी पट्टीकडं पाठ करून बसले, तोंडाला पदर लावून.

म्हणून विमान उतरताना मी बघितलं नाही. फक्त ऐकलं. घरघर जवळ आली, चाकं टेकल्याचा आवाज झाला, मग काहीतरी कडाडलं — आणि किंकाळ्या.

विमान सरळ उतरून एकदम वळलं होतं. एक पंख घासत, चुन्याची रेघ ओलांडून, उलटं होऊन पडलं होतं. कुठं, ते सांगायला नको. ती जागा रिकामी होती — बाधलेल्या बाईची म्हणून तिथं कुणी बसलं नव्हतं.

मुलींना तिथंच बसवून मी धावले. पायलट तरुण होता, पुण्याकडचा. लोकांनी त्याला ओढून बाहेर काढलं तेव्हा कपाळातून रक्त येत होतं, पाय वाकडा झाला होता. तो एकच विचारत होता, "त्या बाईंना लागलं का?"

"कुठल्या बाई?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"पट्टीच्या मधोमध उभ्या होत्या! हात हलवत... त्यांना वाचवायला तर मी वळवलं!"

"अहो, पट्टीवर चिटपाखरू नव्हतं. आम्ही सगळे बघत होतो."

तेवढ्यात त्याची नजर माझ्यावर गेली. "ह्याच," तो म्हणाला. "ह्याच होत्या. पदर खाली पडलेला."

कुणी हसलं नाही. मोठ्या बाई हळूच म्हणाल्या, "त्या लिंबाखाली होत्या. मीच पाठवलं होतं."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या दारात बायका यायला लागल्या. नारळ, खण, हळदीकुंकू. एकीनं तर माझ्या पायावर डोकंच ठेवलं. "माय, पोरगी राखलीस माजी. तुळजापूरची आईच आली गं तुज्यात." काल मला हसलेलं गाव आज हात जोडत होतं. शाळेत शिकवायला उभी राहिले की मुली फळ्याकडं बघायच्या नाहीत, माझ्याकडं बघायच्या.

एन्क्वायरी झाली. पायलटनं तेच सांगितलं. मीही घडलं तसं सगळं सांगितलं. चौकशीला आलेले साहेब समजूतदारपणे हसले, मला चहा पाजला, आणि दोष पायलटच्या निष्काळजीपणावर गेला.

मी त्याला दवाखान्यात भेटायला गेले. वडील सोबत होते. वाटलं होतं चिडेल. तर त्यानं विचारलं, "मुली बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत," मी म्हणाले. मान वर होईना.

"मग झालं तर." अंगावरची चादर सारखी करत तो म्हणाला, "पण बाई, खरं सांगू... तुम्ही दिसला नसतात तर मी सरळ गेलो असतो हो. पट्टी चांगली होती."

त्याचा पाय धड झाला नाही. पुन्हा विमान चालवलं नाही म्हणे त्यानं.

मी त्याला दिसलेच नसते, तर विमान सरळ गेलं असतं आणि मुली रेघेपाशीच सुखरूप राहिल्या असत्या. मग मी वाचवलं ते कशातून? आणि पट्टीवर त्याला दिसलं ते कोण? इतक्या वर्षांत मला उत्तर मिळालेलं नाही. कुणाला सुचलं तर जरूर लिहा.

त्या मुली आता आज्या झाल्यात. कुठं लग्नात भेटल्या की सगळ्यांना ओरडून सांगतात, "ह्याच त्या बाई!" आणि पाया पडायला वाकतात. मी पाय मागं घेते.