दुधीवरची भुरी आणि माझी कात्री

आमच्या दुधीला भुरी पडली आहे, हे घरात सर्वांत आधी मी ओळखलं. भुरी पडलेलीच नव्हती, ही पुढची गोष्ट!

जर्मनीत र्युसेल्सहाइमला आमची भाड्याची छोटी बाग आहे. मुक्कामाला आलेल्या माझ्या सासूबाईंनी तिथे दुधीचा वेल चढवला होता. दुधी धरला एकच, बोटाएवढा. तो वाढला की परत जाण्याआधी दुधी-चणाडाळ खाऊ घालते, असं वचन त्यांनी शेजारच्या बागेतल्या हेल्गाबाईंना देऊन टाकलं होतं. (सासूबाई मराठीत बोलतात, हेल्गाबाई जर्मनमध्ये. दोघींना सगळं कळतं. मला दोन्ही भाषा येतात, माझं कुणाशीच जमत नाही!)

एका शनिवारी मी बागेत गेलो, तर पानांवर पांढुरकी पूड! मोबाइलवर एक फोटो ताडून पाहिला. माझ्यासारख्याला एवढा अभ्यास पुरतो. लगेच बायकोला फोन.

"मंजिरी, भुरी! बुरशी आहे ही! पानं छाटली नाहीत तर दुधी गेला!"

"अरे, बोटानं पुसून तरी बघ. आईला विचारू का?"

"त्यांना कशाला घाबरवायचं? मी आहे ना!"

(आमच्याकडे प्रत्येक नुकसान याच वाक्यानं सुरू होतं.)

मी कात्री चालवली. पूड उडाली, मला शिंका आल्या, रोगाची खात्रीच पटली! कुंपणापलीकडून हेल्गाबाई धावत आल्या. "नाइन! नाइन!" म्हणजे "नको! नको!" म्हणत आपल्या कोळशाच्या ग्रिलकडे बोट दाखवू लागल्या.

"डांके, हेल्गा! पण आम्ही शाकाहारी!" मी नम्रपणे म्हणालो आणि शेवटचं पान उडवलं.

तेवढ्यात सासूबाई आल्या. हातात डबा. डब्यात राख. हेल्गाबाईंच्या ग्रिलमधली!

त्यांनी खाली पडलेलं एक पान उचलून झटकलं. स्वच्छ, हिरवंगार!

"जावईबापू, भुरी अशी झटकून जाते होय? किडे लागू नयेत म्हणून सकाळी राख भुरभुरवली होती मी. आता ही उरलेली कशावर टाकू? तुमच्यावर?"

पानांवाचून दुधी वाढेना. शेवटी हेल्गाबाईंच्या ताटात वाटीभर चणाडाळ पडली आणि तिच्यात दुधीची एक फोड. "झेअर गुट!" म्हणजे फार छान, असं त्या म्हणाल्या. फोड सापडल्यावर.

निघायच्या दिवशी सासूबाईंनी नेहमीसारखी चेहऱ्यावर आणि मानेवर भरपूर पावडर थापली. मी बॅगा उचलायला खोलीत शिरलो, तशा त्या पटकन लेकीच्या मागे सरकल्या.

"मंजिरी, ही पावडर आहे म्हणावं यांना!"

"सांगितलंय, आई. आणि कात्री कालच हेल्गाकडे ठेवलीय!"