देवघरातली फ्लॉपी

आधीच सांगून ठेवते... अंगात येणं, करणी, उतारा, यातलं मला काडीचं पटत नाही. मी भीमाशंकरला जाते तीसुद्धा हवा खायला, असं सासूबाई चारचौघांत सांगतात. तेव्हा पुढचं वाचून ‘ही बाईपण त्यातलीच निघाली’ असं कुणी म्हणू नये!

घोडेगावात घराच्या पुढच्या खोलीत माझं कॉम्प्युटरवर पत्रिका काढून द्यायचं दुकान होतं. नव्वदच्या दशकात घेतलेला डॉसवरचा प्रोग्राम — काळा स्क्रीन, हिरवी अक्षरं, प्रिंटच्या माथ्यावर फुल्याफुल्यांचा गणपती. त्याचा एकच हट्ट. सुरू करताना त्याची स्वतःची किल्लीची फ्लॉपी ड्राइव्हमध्ये हवी. तिची कॉपीही निघत नसे.

पुढं व्हायरसनं विंडोज इतक्यांदा बंद पाडलं, की मी वैतागून नवा कॉम्प्युटर घेतला आणि त्यात विंडोजऐवजी लिनक्स टाकून घेतलं. पत्रिकेचा नवा रंगीत प्रोग्रामही आला. जुना प्रोग्राम नव्या मशीनवर उतरवून ठेवला, जुनं मशीन भंगारात गेलं, फ्लॉपी मात्र सासूबाईंनी देवघरात नेऊन ठेवली. इतकी वर्षं खंडेनवमीला कोयत्या-विळ्यांबरोबर पुजलेली वस्तू, ती काय भंगारवाल्याला द्यायची? मीही वाद घातला नाही, कारण नव्या मशीनला फ्लॉपी ड्राइव्हच नव्हता.

आणि मग माझ्या नणंदेचं, वर्षाचं स्थळ आलं. मुलगा आणे गावचा, अवसरीला इंजिनिअरिंग शिकलेला. दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं. वर्षा तर बैठकीच्या दिवशी सकाळपासून आरशासमोरून हलत नव्हती. दुपारी पाहुणे आले, पोहे झाले, मी रंगीत पत्रिका पुढं ठेवली... आणि मुलाच्या आजोबांनी ती बाजूला सारली.

“ही नगं. आमच्या थोरल्या नातींच्या तुमच्याच जुन्या परोग्रामावर काढल्या व्हत्या, पोरी सुखात हायेत. धाकटीची दुसरीकडनं रंगीत काढली, तिचा नवरा दुबईला गेला तो फोन बी करत न्हाई. फुल्यांचा गणपती आसंल तर बोलू, न्हाईतर रामराम.”

वर्षाचं तोंड एवढंसं झालं. दारामागून माझ्याकडं बघत होती बिचारी. मी “काढून बघते” म्हणून पुढच्या खोलीत आले. लिनक्सवर डॉसचं सोंग वठवणारा एक प्रोग्राम होता, त्यात जुना सुरू करून पाहिला. स्क्रीनवर नेहमीचंच — ए ड्राइव्हमध्ये किल्लीची फ्लॉपी घाला.

सासूबाई पाठोपाठ आल्याच. “काय मागतंय त्ये?”

“फ्लॉपी मागतंय, आई.”

“मग हाय की देवापुढं.”

“अहो, असून काय उपयोग? या डब्याला ती घालायला जागाच नाही!”

“तू गप. मागतंय तर त्येला सांगायला नगं का, कुटं हाय म्हणून?” असं म्हणून त्या देवघरात गेल्या. नीरांजन लावलं, घंटा वाजवली आणि तिथूनच ओरडल्या, “हां, दाब आता!”

वैतागून, केवळ त्यांचं तोंड बंद व्हावं म्हणून, मी एंटर दाबलं.

प्रोग्राम उघडला. देवाशप्पथ उघडला! मी जन्मवेळा भरल्या आणि प्रिंटर करकरायला लागला. फुल्याफुल्यांचा गणपती हळूहळू वर सरकत आला तेव्हा मला हसावं का रडावं कळेना. आजोबांनी कागद डोळ्यांजवळ धरला, माथ्याला लावला आणि म्हणाले, “आता कसं! साखर आणा, पावणं.” गावच्या गुरुजींनी नंतर हातानं मांडून पाहिली, पत्रिका बरोबर होती.

पाहुणे गेल्यावर मी ती फ्लॉपी हातात घेतली. पत्र्याची झडप सरकवली तर आत वाळलेलं दूध, हळद आणि तांदळाचा एक दाणा!

“दर दसऱ्याला अभिषेक घालती मी तिला,” सासूबाई म्हणाल्या. “देवात ठिवलीय म्हटल्यावर पारोशी कशी ठिवायची?”

म्हणजे ड्राइव्ह असता तरी ती फ्लॉपी चालली नसती. त्यानंतर मी घंटा वाजवून पाहिली, सासूबाईंनी वाजवून पाहिली, आरतीसुद्धा झाली. प्रोग्राम काही पुन्हा उघडला नाही.

जावईबापू कॉम्प्युटरमधलेच. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला लॅपटॉप मांडीवर घेऊन त्यांनी मला सगळं समजावलं. “वहिनी, हे शक्यच नाही. तो प्रोग्राम तुमच्या मशीनवर उघडलाच नसणार. ती प्रिंट निघालीच नसणार.”

वर्षा चकल्या तळत होती. तिनं गॅस बंद केला.

“असं का? प्रिंट निघाली नाही म्हणजे पत्रिका जुळली नाही. पत्रिका जुळली नाही म्हणजे आजोबांनी होकार दिला नाही. मग मी तुमची कोण? मी आपली इथंच राहते, तुम्ही जावा आण्याला.”

जावईबापूंनी लॅपटॉप मिटला. म्हणाले, “निघाली असेल हो. निघते कधीकधी.”

कशी निघाली ते मला आजतागायत कळलेलं नाही. आणि आमच्या घरात आता ते कुणी विचारतही नाही.