तेरड्याच्या काठाची साडी

आमच्या वरच्या मजल्यावर एक पोरगी भाड्यानं राहते. कंप्युटरवर साड्यांचे नमुने काढते, तिला डिझायनर म्हणायचं. बोलता बोलता समोरच्याच्या बाहीचं कापड चिमटीत धरून बघायची तिला खोड आहे. पहिल्यांदा माझी बाही धरली तेव्हा मी म्हटलं, "विकायचा नाहीये सदरा." ती शांतपणे म्हणाली, "आजोबा, कॉलर उसवलीय."

अंगणातल्या तेरड्यापाशी ती तासन्‌तास बसते. तो आमच्या हिनं लावलेला. गौरी यायच्या त्या त्याच तेरड्याबरोबर. ही गेली आणि मी गौरींचे मुखवटे पेटीत घातले.

यंदा गौरींच्या दिवशी पोरगी दोन साड्या घेऊन खाली आली. काठावर तोच तेरडा, मुळांसकट काढलेला.

"नवी साडी आधी गौरीला नेसवायची, मग बाजारात, असं आई म्हणते. तुमच्या गौरी काढाल?"

"घरात बाई नाही. गौरी कशाला?"

ती साड्या हातात धरून तिथंच उभी राहिली. शेवटी मीच पेटी उघडली.

पहिल्या गौरीच्या निऱ्या घालताना तिनं टाचण्या ओठांत धरल्या. बोलता येईना, म्हणून नुसता हात मागं केला. ही अशीच हात मागं करायची आणि पदर धरायला मी उभा असायचो. मी पुढं होऊन पदर धरला.

सगळ्या टाचण्या लागल्या. "झालं आजोबा, सोडा आता."

"थांब जरा," मी म्हटलं, "अजून दुसरी राहिलीय."