दसऱ्याआधीचा मोहोर

अंजूरच्या आमच्या शेजारीणकाकू खाडीपल्याड ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलतात आणि बोलताना कोरडेच हात पदराला पुसत राहतात.

यंदा माझ्या कुंडीतल्या आंब्याला दसऱ्याआधीच मोहोर आला. पाऊस अजून गेला नव्हता. पण हा माझ्याच खताचा प्रताप समजून मी भिवंडीच्या शाळेतल्या माझ्या सगळ्या सहशिक्षकांना आमरसाचं आमंत्रण देऊन टाकलं. त्याच आठवड्यात पावसानं मोहोर झडला.

रविवारी ते सगळे झाड बघायला आले. मी कुंडी झाकून उभा राहिलो. तेवढ्यात काकू कुंपणापाशी आल्या आणि हात पुसत म्हणाल्या, "आमच्या बकरीनं खाल्ला वो सगला मोहोर! मास्तरांचा काय बी दोष न्हाय."

काकूंकडे बकरी नाही.

मी लगेच म्हणालो, "फार द्वाड आहे हो ती."