क्वामेने हात वर केला

गेल्या महिन्यात साइटवर एक गोष्ट झाली. चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो... उगाच शेवटी कबुलीचं नाटक नको.

मी कतारमध्ये सेफ्टी ऑफिसर आहे. स्टेडियमसमोर आमचं एक हॉटेल उभं राहतंय, वर्ल्ड कपला पाच महिने उरलेत, आणि दिवसभर सगळ्यांच्या तोंडी एकच... यल्ला, यल्ला, म्हणजे चला, आटपा. उन्हाळ्यात काम पहाटे पाचला सुरू होतं, त्यामुळे अबू हमूर भागातल्या माझ्या घरातून मी चारलाच निघतो.

काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना एकत्र उभं करून दहा मिनिटं बोलायचं, असा नियम आहे. शेवटी एक प्रश्न विचारायचा असतो. कुणाला बरं वाटत नाहीये का, झोप झालीय का, डोकं ठिकाणावर आहे का? कारण ही माणसं पुढे साठ फुटांवर स्कॅफोल्डिंग, म्हणजे लोखंडी परांची, बांधायला चढणार असतात.

चाळीस जण एका सुरात 'ऑल गुड!' म्हणतात. मग प्रत्येकाच्या नावापुढे 'फिट'च्या चौकटीत खूण करायची. पाच वर्षांत एकही हात वर आला नव्हता, त्यामुळे मी त्या खुणा आदल्या दिवशीच एसीत बसून करून ठेवायचो. चहा पीत.

क्वामे आमचा स्कॅफोल्डिंगचा फोरमन. घानाचा, सव्वासहा फूट, दोन माणसांचं ओझं एकटा उचलणारा. साइटवर त्याला सगळे 'पहाड' म्हणायचे, मीसुद्धा. मागे एकदा क्लॅम्पने त्याचा तळहात फाटला, तर मी नर्सला म्हणालो, 'इसको क्या होता है, पहाड है ये.' तो हसला, मीही हसलो.

माझ्या लग्नाच्या वेळी 'मुलगा चांगला आहे हो, पण काळा आहे' हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. आणि तरी काळ्या माणसाला कमी दुखतं, हे माझ्या डोक्यात कुठून बसलं होतं, देव जाणे.

तर त्या मंगळवारी नेहमीसारखा प्रश्न विचारला. 'ऑल गुड!' झालं. लोक हेल्मेटचे पट्टे आवळायला लागले... आणि क्वामेने हात वर केला.

'नॉट गुड, बॉस. माझी आई गेली, नऊ दिवस झाले. हात थरथरतायत. आज वर चढलो तर मी कुणालातरी पाडेन.'

मागे कुणीतरी फिसकन हसलं, त्याला वाटलं थट्टा चाललीय. क्वामे माझ्याकडे बघतच नव्हता. तो माझ्या हातातल्या कागदाकडे बघत होता. तिथे त्याच्या नावापुढे 'फिट'ची खूण आधीच झालेली होती, निळ्या शाईत.

मला लाज वाटली. सगळ्यांसमोर ती खूण खोडली आणि बाजूला सही केली. तेवढ्यात एक नेपाळी स्कॅफोल्डर पुढे आला, 'सर, मैं भी.' गावी मुलगी आजारी, तीन रात्री झोप नाही. मग आणखी एक जण आला. त्या दिवशी काम तासभर उशिरा सुरू झालं, आणि प्रोजेक्ट मॅनेजर वॉकीटॉकीवर जे बोलला ते इथे लिहीत नाही.

माझ्या केबिनमध्ये क्वामे रडला. आधी आवाज न करता, मग मोठ्याने. मी तसा कोरडा माणूस, बायको म्हणते मी वाढदिवसाच्या शुभेच्छाही रिपोर्ट वाचल्यासारख्या देतो. टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि एसीचा रिमोट शोधत बसलो. नऊ दिवस कुणालाच का नाही सांगितलंस, एवढं मात्र विचारलं.

'मी चिडलो तर लोक दोन पावलं मागे सरकतात, बॉस. रडलो तर हसतात. मग उरतं काय? ऑल गुड.'

अंत्यविधी अजून व्हायचा होता. त्यांच्याकडे घरचे सगळे जमेपर्यंत थांबतात, कधी कधी महिनाही लागतो, आणि त्यांच्या घरात थोरल्याने पुढे उभं राहायचं असतं. थोरला हाच. पण रजा मागायची तर आई गेली हे तोंडाने म्हणावं लागणार, आणि म्हटलं की आपण चारचौघांत कोसळणार... या भीतीने त्याने अर्जच केला नव्हता. तो आम्ही दोघांनी बसून भरला. गुरुवारी तो विमानात बसला.

काही दिवसांनी साइटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटो आला. अंगाभोवती लाल-काळं कापड, आणि गर्दीच्या मधोमध उभा राहून तोंड उघडं टाकून रडतोय. खाली लिहिलं होतं, तीन दिवस रडलो, आज नीट जेवलो. ग्रुपवर कुणी 'पहाड' लिहिलं नाही.

परवा तो परत आला. म्हणाला, शेवटचा प्रश्न यापुढे मी विचारतो. त्याने एकेकाला नावाने विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत थांबला. मी शेजारी उभा राहून, तिथल्या तिथे, खुणा करत होतो.

यादी संपली. तो माझ्याकडे वळला. 'अँड यू, बॉस?'

माझं नाव त्या कागदावर नसतंच. 'ऑल...' एवढंच म्हणालो. लॉकडाऊनमध्ये, विमानं बंद असताना, नाशिकला आमचे अण्णा गेले. त्यांना अग्नी दिलेला मी अबू हमूरच्या हॉलमध्ये बसून फोनवर पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी पाचच्या आत साइटवर हजर होतो.

क्वामे थांबला होता. चाळीस माणसं थांबली होती. वॉकीटॉकीवर यल्ला यल्ला चाललं होतं, पण कुणी हललं नाही.

'नॉट गुड,' मी म्हणालो. 'माझे वडील... दोन वर्षं झाली.'

त्याने माझ्या हातातून पेन घेतलं. यादीच्या तळाशी माझं नाव लिहिलं, आणि पुढची 'फिट'ची चौकट रिकामी ठेवली.

आज संध्याकाळी नाशिकला आईला फोन करणार आहे. दोन वर्षांत तिच्याशी अण्णांबद्दल एक शब्द बोललेलो नाही. थँक यू, क्वामे.