मंडईच्या मैदानासाठी एकच ढीग

सुमनच्या पोस्टकार्डावर चारच ओळी होत्या. मंडईचं मैदान विकायला काढलं आहे. गाव धान गोळा करतं आहे. मापाशी बसायला बाहेरचं माणूस हवं. लगेच ये.

सुमन माझी कॉलेजातली मैत्रीण, लाखांदूरच्या पुढे एका खेड्यात शिक्षिका होती. मी नागपूरला शाळेत गणित शिकवत असे. नाताळची सुट्टी लागलेली होती. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती ती. पिशवीत दोन पातळं आणि एक शाल टाकली नि निघाले.

सकाळची एसटी. शहापूर मागे पडलं की भंडारा येतंच. तिथे गाडी बदलली आणि कारध्याचा पूल ओलांडला. वैनगंगेवर धुकं इतकं दाट होतं की पाणी दिसलंच नाही. साकोलीला गाडी बराच वेळ थांबली. लाखोळीच्या डाळीचे गरम वडे तिथे खाल्ले, तसे पुन्हा कुठे मिळाले नाहीत. तिकीट आणि खाणं मिळून दहाच्या दोन नोटांत भागलं. आज त्यात जेमतेम चहा येईल, पण वडे अजून शोधावेत. तिकडे जाणार असाल तर थंडीत जा आणि गरम कपडे विसरू नका. भाताच्या बांध्यांवरून, म्हणजे बांध घातलेल्या शेतांवरून, येणारा गारठा हाडात शिरतो.

लाखांदूरच्या स्टँडवर रायभानभाऊ रेंगी घेऊन उभे होते. रेंगी म्हणजे माणसांची हलकी बैलगाडी. गावातल्या स्वयंसेवकांचे ते म्होरके, पन्नाशीचे, स्वतः थोड्या जमिनीचे शेतकरी.

"तुम्हीच का जी हिशेबाच्या मॅडम?"

"हो."

"सुमनबाई म्हने, लय कडक हायेत. बरं झालं. आमच्यात एक बी कडक नाही, सारे भांडखोर हायेत."

वाटेत त्यांच्याकडून सगळं कळलं. भाऊबीजेनंतर भरणारी गावची मंडई, म्हणजे जत्राच, कित्येक पिढ्या त्याच मैदानावर होत होती. गाणी-सोंगांची दंडार तिथेच नाचायची, माहेरी आलेल्या लेकी तिथेच भेटायच्या, शंकरपटाचे बैल तिथेच धावायचे. जमीन मात्र जुन्या मालगुजारांची, म्हणजे जमीनदारांची. कागद करून घ्यावा असं कुणालाच कधी सुचलं नाही. आता त्यांच्या नातवाने किंमत सांगितली होती. संक्रांतीपर्यंत दिली तर खरेदीखत गावाच्या नावे, नाही तर गिऱ्हाईक तयार होतं आणि ते मैदान फोडून धानाच्या बांध्या पाडणार होतं. म्हणून गाव धान विकून पैसे उभे करणार होतं.

दुसऱ्या दिवशी मैदान पाहिलं. तलावाच्या पाळीला लागून उतरती जमीन. खालच्या अंगाला मोहाचं जुनं झाड, वरच्या अंगाला पटाची लांब सरळ धाव. मोहाखाली शेणाने सारवलेलं खळं. बैलगाड्या घरोघर फिरून धान आणत होत्या आणि मी पायलीने मापत होते. पहिल्या मापाला "एक" म्हणायचं नाही, "लाभ" म्हणायचं, एवढंच मला शिकवलं गेलं. बाकी शिस्त माझी.

दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं की जाडं, बारीक, हलकं, भारी, सगळं धान एकाच ढिगात पडतं आहे. मी माप खाली ठेवलं.

"रायभानभाऊ, वाण वेगळे ठेवा. असं मिसळलेलं धान कोण घेईल?"

"ढीग एकच राहीन, मॅडम."

"काहून?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

उत्तर शेवंताबाईंनी दिलं. त्या बौद्ध वस्तीतून डोक्यावर टोपलं घेऊन आल्या होत्या. साठीच्या, ताठ मानेच्या.

"माह्या बापानं देवळासाठी धान देल्लं होतं, बाई. थे अलग ठेवलं. सारा ढीग उचलला, आमचं तिथंच राहिलं. उंदरानं खाल्लं. आता हे म्हनतेत मैदान साऱ्यांचं. मी म्हतलं, मंग ढीग बी साऱ्यांचा करा, तवा देतो."

"आन् म्या हो म्हतलं," रायभानभाऊ म्हणाले. "एकदा अलग ठेवाले लागलो का वाणावर थांबत नाही जी कोनी."

माझं गणित चुकत नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी माप उचललं आणि शेवंताबाईंचं टोपलं त्याच ढिगावर ओतलं.

सहा दिवस माप चाललं. जेवायला भात, तलावातले झिंगे आणि भाजी. सुमनच्या घरी झोपायचं. सातव्या दिवशी गाड्या भरून लाखांदूरला गेलो. व्यापाऱ्याने मूठभर धान तळहातावर चोळलं, फुंकर मारली आणि हसला.

"रायभान, हे धान होय का खिचडी? गिरणीत बारक्याचा चुरा होईन नि जाड्याचं टरफल बी निंगणार नाही. याले अर्धाच भाव."

रायभानभाऊंनी हात जोडून पाहिले. सुमनने मैदानाची गोष्ट सांगितली. तो पाऊणपर्यंत चढला, पुढे नाही. त्याचंही चूक नव्हतं.

पैसे कमी पडले. नातवाने मुदत वाढवली नाही, पण रकमेच्या मापाने खालचा पाऊण भाग लिहून दिला. मोहाचं झाड आणि मंडईची जागा वाचली. पटाची धाव गेली. मोहाखाली गावाला हे सांगितलं. बैल पाळणाऱ्यांतला एक म्हातारा उठला.

"मॅडमचं आयकलं असतं तर पट बी वाचला असता, रायभान."

"वाचला असता, काका." त्यांचा आवाज चढला नाही. "मंग मंडईत कोन कोठं बसते, थे बी तुम्हीच ठरवलं असतं."

म्हातारा बैलाकडे गेला. ज्यांची हार झाली होती त्यांची हारच होती. ती कुणी झाकली नाही.

निघताना शेवंताबाईंनी त्याच ढिगातलं खळ्यावर उरलेलं धान घरी कांडून थोडे तांदूळ माझ्या पिशवीत घातले. "शिजत नाही चांगले," असं बजावूनच.

पुढे मी दोनदा त्या मंडईला गेले. वरच्या अंगाला धान डोलत होतं, खाली दंडार रंगली होती आणि शेवंताबाई अगदी पुढच्या रांगेत बसल्या होत्या. पटाचे बैल मात्र मला दिसले नाहीत.

त्या पहिल्या खेपेला नागपूरला परतल्यावर शेवंताबाईंच्या तांदळाचा भात लावला होता. काही शितं गळून गेली, काही दाताखाली कचकचली. यजमानांनी ताट बाजूला सारलं.

"निवडून तरी घ्यायचे."

"निवडायचे नव्हते," मी म्हटलं. "वाढलंय ते संपवा."